बिनतारी अभियंता कसं व्हावं: माहूर आवृत्ती

सर्वप्रथम अभिनंदन. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात तुमची निवड झाली, पुण्याच्या मुख्यालयाची पायरी चढून झाली, आणि नेमणुकीच्या कागदावर 'जिल्हा नांदेड, माहूर परिसर' एवढं वाचून तुमच्या आईने घरातूनच हात जोडले. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ पोराच्या वाट्याला आलं, अजून काय हवं? वडिलांनी फक्त 'तिथून बदली कधी होते?' एवढं विचारलं. दोघांचंही बरोबर आहे.

नातेवाइकांत यापुढे तुमची ओळख 'हा वायरलेसमध्ये असतो' अशी करून दिली जाईल. त्यावर समोरचा माणूस दोन प्रश्न विचारणार हे ठरलेलं. आमच्या गच्चीवर मोबाइलची रेंज का येत नाही? आणि मोबाइल आल्यावर आता तुमचं ते खरखर वाजणारं यंत्र लागतं तरी कशाला? पहिला प्रश्न तुमच्या अखत्यारीत नाही, तसं नम्रपणे सांगा (ऐकून घेणार नाहीत). दुसऱ्याचं उत्तर या मार्गदर्शिकेत आहे, पण ते बरंच पुढे. त्याआधी तुम्हाला डोंगर चढायचा आहे आणि खड्डा खणायचा आहे.

धडा पहिला: उंची

महाविद्यालयात तुम्ही मॅक्सवेलची समीकरणं शिकलात. ती पाठ असू द्या, मुलाखतीत उपयोगी पडली असतील. माहूरला लागणारं गणित याहून सोपं आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, समोरच्या अँटेनाच्या उंचीचंही काढा, दोन्हींची बेरीज करून 4.12 ने गुणा. जे येईल तितके किलोमीटर तुमचा व्हीएचएफ आवाज जाईल, त्यापुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते.

आता करून पाहा. सपाटीवर 30 मीटरचा मनोरा, समोर रस्त्यावर उभा शिपाई, त्याच्या वॉकीटॉकीची अँटेना जमिनीपासून दीड मीटर. उत्तर येतं साडेसत्तावीस किलोमीटर. तोच मनोरा भोवतालच्या मुलखापेक्षा 200 मीटर उंच डोंगरावर नेला की साडेसदुसष्ट. मनोरा तोच, सेट तोच, वॅट तेवढेच. म्हणून रिपीटर नावाचं यंत्र डोंगरावर ठेवतात. ते दुबळ्या वॉकीटॉकीचा आवाज एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात परत सांगतं. माहूरपासून नांदेडचं सरळ हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे साडेसदुसष्टातही ते बसत नाही, मध्ये आणखी एक टप्पा लागतो. तो कुठे बसवायचा, याचा विचार करताना तुम्ही जिल्ह्याचा प्रत्येक डोंगर लोभी नजरेने पाहू लागाल. लग्नाच्या वऱ्हाडात खिडकीशी बसून 'या टेकडीवर काय छान मास्ट उभा राहील' असं मनात आलं, की समजा, नोकरी अंगी लागली.

इथे पहिला अडथळा येईल. बैठकीत एक वरिष्ठ सुचवतील की मनोरा ठाण्याच्या आवारातच उभा करू, तिथे लाइट आहे, पाणी आहे, पहारा आहे. सगळं खरं आहे. फक्त ठाणं खाली आहे आणि डोंगर वर आहे. हे वाक्य सभेत बोलायचं धाडस हीच तुमची पहिली तांत्रिक परीक्षा.

समजा तुमचं ऐकलं गेलं. माहूरला डोंगरांची कमतरता नाही: रेणुकेचं शिखर, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, शिवाय किल्ला. पण या मुलखातल्या डोंगरावर सागाचं जंगल असेल आणि जमीन वनखात्याची असेल, तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. किल्ल्याच्या तटात मास्टचा पाया खणण्याचा विचारही करू नका. मनोऱ्याच्या जागेसाठी आणि फ्रीक्वेन्सीसाठी दिल्लीची वेगळी परवानगी लागते. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा जुन्या लोकांना तोंडपाठ होते. आता 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे. कायदा बदलला, फायलीची जाडी बदललेली नाही.

जागा मिळाली तरी सगळीकडे आवाज पोहोचेल असं समजू नका. एका शिखरावर अँटेना उभी केली की दुसऱ्या शिखराच्या पाठीमागे सावली पडते, आणि त्या सावलीत नेमकी एखादी पाणपोई, वाहनतळ किंवा घाटातलं वळण असतं. सावली कुठे आहे हे संगणकावरचा नकाशा सांगतो, पण अर्धवट. पक्कं कळायला पायी फिरावं लागतं. त्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. श्रावणी पौर्णिमेच्या सुमाराला माहूरची परिक्रमा असते, हजारो माणसं डोंगरदऱ्यांतून चालतात. तुम्हीही चाला. थोड्या थोड्या अंतरावर कंट्रोलला हाक द्या, उत्तर कसं आलं ते कागदावर मांडा. लोक पुण्य जोडतील, तुम्ही कव्हरेजचा नकाशा. शिवाय श्रावणात साग पूर्ण पानावर असतो आणि पानं ओली असतात, त्यात वॉकीटॉकीचा आवाज आणखी थोडा कमजोर होतो. मे महिन्यात निष्पर्ण जंगलात चाचणी घेऊन 'सर्वत्र समाधानकारक' असा अहवाल देणारे अभियंते नवरात्रात तोंड लपवून फिरतात.

धडा दुसरा: जमीन

वर गेलात, आता खाली पाहा. मनोऱ्यावर वीज पडणार. पडेल का, असा प्रश्न नाही. उघड्या डोंगरावरची सर्वांत उंच धातूची वस्तू तुम्ही स्वतःच्या हातांनी उभी केली आहे, आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवात आभाळ कसं फाटतं ते तुम्ही पाहिलं असेलच. त्या विजेला जमिनीत जायला सोपी वाट दिली नाही तर ती तुमच्या रिपीटरमधून वाट काढते. मग आत उरतो तो काळा पडलेला सर्किट बोर्ड आणि एक विशिष्ट वास. तो वास एकदा घेतलात की आयुष्यभर ओळखाल.

पुस्तकात अर्थिंगचं चित्र फार सुबक असतं: अडीच-तीन मीटर खोल खड्डा, तळाशी तांब्याची प्लेट, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वरून पाणी घालायला नळी. चित्र काढणाऱ्याने दख्खनचा बेसाल्ट खणलेला नसावा. माहूरच्या डोंगरावर वीतभर मुरूम गेला की पहार खणखणते. काळा पाषाण वीज सहजासहजी घेत नाही. खाली शेतातली काळी माती ओली असताना या कामाला उत्तम, पण ती खाली आहे आणि मनोरा वर. (वरिष्ठांच्या आवारातल्या मनोऱ्याचा हा एकमेव गुण. त्यांना सांगू नका.)

म्हणून खडकावर खोल जाण्याचा हट्ट सोडा. धातूची लांब पट्टी जिथे जिथे मातीचा थर सापडेल तिथे आडवी पसरा, मनोऱ्यापासून तीन-चार दिशांना न्या, बेंटोनाइटची माती भरा आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडा. मनोरा, केबलचं बाहेरचं जाळं, रिपीटरची पेटी, वीजमीटर, या सगळ्यांचं अर्थिंग एकत्र असलं पाहिजे. वेगवेगळं ठेवलंत तर वीज पडताना त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि मधली पेटी मरते. पट्टी तांब्याची उत्तम, हे पुस्तक सांगतं. तांबं बाजारात काय भावाने जातं हे पुस्तक सांगत नाही. उघड्यावरची तांब्याची पट्टी एका अमावस्येला नाहीशी होते, म्हणून जाणकार जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरतात आणि कमी वाहकतेच्या बदल्यात शांत झोप घेतात.

उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालायला माणूस पाठवा. तो 'घातलं' म्हणेल. मीटर लावून पाहा.

धडा तिसरा: केबल, वानर आणि आग्या मोहोळ

रिपीटरपासून अँटेनापर्यंत जी केबल जाते तिच्यात किती शक्ती जिरते याची नवशिक्यांना कल्पना नसते. भांडारातून आरजी-58 नावाची बोटाएवढीही जाड नसलेली केबल मिळाली आणि तुम्ही खुशीने 30 मीटर वर चढवली, तर 150 मेगाहर्ट्झला 25 वॅटमधले साधारण 6 वॅट अँटेनाला मिळतील. बाकीचे केबल गरम करण्यात गेले. जाड आरजी-213 घातली तर निम्म्याहून थोडे जास्त पोहोचतात. मागणीपत्रात नंबर नीट लिहा. 'केबल, काळी, मीटर 30' असं लिहिलंत तर काळी केबल येईल.

वॅटमीटर जोडून दोन आकडे घ्या: किती शक्ती वर गेली, किती परत आली. 25 वॅट गेले आणि 1 वॅट परत आला तर सगळं ठीक आहे, घरी जा. 5 वॅट परत आले तर कुठेतरी जोड सैल आहे, पाणी शिरलं आहे किंवा वर काहीतरी वाकलं आहे. दहापैकी नऊ वेळा ते पाणी असतं. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून ठिबकतं आणि आत जात नाही. या एका झोळासाठी काही खर्च नाही, तरीही तो नसलेल्या जागा तुम्हाला अनेक सापडतील.

दहावी वेळ वानरांची. माहूरच्या डोंगरावर वानरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तुम्ही परवा आलात. त्यांच्या दृष्टीने मास्टला ताणून बांधलेल्या तारा, लोंबती केबल आणि आडवी अँटेना ही सरकारने केलेली सोय आहे. केबल दर मीटरला पट्टीने घट्ट बांधा. लोंबणारं काही ठेवू नका. दगड मारू नका, कारण ती परत मारत नाहीत, मास्टवर जातात.

आग्या मोहोळ हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. उंच, निवांत, पावसाचा फारसा मार नसलेली जागा या मधमाश्यांना आवडते आणि मनोऱ्याचा वरचा प्लॅटफॉर्म तसाच असतो. तुम्ही कंबरपट्टा बांधून वीस मीटरवर पोहोचलात आणि वर काळसर, हलणारं काही दिसलं, तर आवाज न करता खाली या. शौर्यपदक यासाठी मिळत नाही. मोहोळ काढणारी माणसं इथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, त्यांना बोलवा, त्यांचं ऐका आणि त्यांचे पैसे वेळेवर द्या. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर लेखाशाखा विचार करेल तोवर मोहोळाची दोन पोळी होतील.

आणखी एक नियम, हा विनोद नाही. मास्टवर चढण्याआधी सेट बंद करा आणि त्याचा फ्यूज स्वतःच्या खिशात घाला. खालच्या माणसाला 'चालू करू नको' सांगणं पुरेसं नसतं, कारण कंट्रोलवरून साहेबांचा फोन आला की तो चालू करतो. चालू अँटेनाला हात लागला तर भाजतं, आणि वीस मीटरवर दचकून हात सुटला तर भाजण्याची काळजी उरत नाही.

धडा पाचवा: एकाच पेटीत तोंड आणि कान

(चौथा धडा मंजुरीसाठी गेला आहे. आला की जोडण्यात येईल.)

रिपीटरची खरी करामत बाहेरून दिसत नाही. त्याचा पाठवणारा भाग अँटेनावर 35 व्होल्टच्या आसपास दाब टाकतो. ऐकणारा भाग त्याच अँटेनावर साधारण एक तृतीयांश मायक्रोव्होल्टचा आवाज पकडायला बसलेला असतो. दोघांत सुमारे दहा कोटी पटींचा फरक, आणि दोघं एकाच वेळी काम करतात. स्वतः ओरडता ओरडता दरीपलीकडच्या माणसाची कुजबुज ऐकायची, असा हा मामला.

पूर्वी यावर साधा उपाय होता: दोघांना लांब ठेवा. 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सुरू झाली तेव्हा पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ऐकणारं थेट दौंडला. तोंड एका गावी, कान दुसऱ्या. तुम्हाला माहूरच्या डोंगरावर दोन खोल्याही मिळणार नाहीत, म्हणून डुप्लेक्सर दिलेला असतो: एका ओळीत उभी असलेली धातूची नळकांडी, प्रत्येकाच्या डोक्यावर एक दांडी. त्या दांड्या सरकवून जुळवणी केलेली असते आणि ती कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत महागड्या उपकरणावर होते. दांडी दोन मिलिमीटर हलली तर रिपीटर बहिरा होतो. बाहेरून मात्र तो अगदी निरोगी दिसतो, दिवे लागतात, पंखा फिरतो. दुरुस्तीला अनेक तास लागतात. म्हणून दांड्यांवर लाल रंगाने 'हात लावू नये' असं लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात.

तरीही हात लागणार, कारण दसरा येणार. खंडेनवमीला शस्त्रांची, गाड्यांची, यंत्रांची पूजा होते. तुमच्या रिपीटरची का होऊ नये? त्याने वर्षभर राबून सर्वांना वाचवलं आहे, मान त्याचाच पहिला. पूजेला विरोध करू नका, पूजेचं नियोजन करा. हळदकुंकू पेटीच्या दर्शनी पत्र्यावर, पंख्याच्या जाळीवर नको. झेंडूची माळ डुप्लेक्सरला नको, दाराच्या चौकटीला. नारळ बाहेरच्या दगडावर फोडा, बॅटरीच्या लाकडी मांडणीवर नाही. तीर्थ शिंपडताना मध्ये उभे राहा आणि ते स्वतःच्या अंगावर घ्या. पुण्यही मिळतं, सर्किटही वाचतं.

धडा सहावा: माणसं

यंत्रं इथवर. आता ती वापरणारे.

वॉकीटॉकीवर एक बटण असतं. दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. दाबून ठेवलं की कोणालाच काही करता येत नाही. एवढ्या एका वाक्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं प्रशिक्षण वर्ग घेणार आहात. बंदोबस्ताच्या रात्री कोणीतरी जीपच्या सीटवर ठेवलेल्या सेटवर बसतं, बटण दाबलं जातं आणि सगळ्या परिसराला पुढची काही मिनिटं त्या गाडीतलं संभाषण ऐकू येतं: कोणाची रजा अडवली, कोणी अडवली, अडवणाऱ्याबद्दल काय मत आहे. ज्यांच्याबद्दल मत आहे तेही ऐकत असतात. रिपीटरला टाइम-आउट टायमर लावलेला असतो, ठरावीक सेकंदांनी तो प्रक्षेपण तोडतो. हा टायमर म्हणजे अनेक संसारांचा आणि सेवापुस्तकांचा रक्षक आहे. तो कमीत कमी वेळेवर ठेवा.

नवशिक्यांना 'ओव्हर अँड आऊट' म्हणायची हौस असते, ती सिनेमाची देणगी. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, तू बोल. 'आऊट' म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम म्हटलं तर 'तू बोल, मी ऐकणार नाही' असं होतं. काही साहेबांच्या बाबतीत हे वस्तुस्थितीला धरून असतं, तरी टाळावं.

अक्षरं सांगताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली हीच पद्धत ठेवा. 'ए फॉर अमरावती' ठीक वाटतं, पण या सेटमधून आवाजाचा 300 ते 3000 हर्ट्झचा मधला पट्टाच जातो, त्यात एम आणि एन अगदी सारखे ऐकू येतात. गाडीच्या नंबरात किंवा हरवलेल्या मुलाच्या नावात ही चूक झाली की तास वाया जातात. आणि आपल्याकडे तर जिल्हा नांदेड, ठिकाण माहूर. 'एन फॉर नांदेड की एम फॉर माहूर' असा पुकारा मी ऐकला आहे, त्यावर कंट्रोलने 'दोन्हीकडे गाडी पाठवतो' असं सांगितलं. 'मायक' आणि 'नोव्हेंबर' यांत असा घोळ होत नाही, त्यासाठीच ते शब्द निवडले गेले.

तक्रारीची भाषाही शिकून घ्या. माहूर मराठवाड्यात आहे, पण पैनगंगेपलीकडे यवतमाळ आणि पूर्वेला काही अंतरावर तेलंगण. 'साहेब, आवाज तुटायलाय' म्हणणारा नांदेडकडचा. 'आवाज तुटून ऱ्हायला' म्हणणारा बंदोबस्तासाठी नदीपलीकडून आलेला. दुसऱ्याच्या बाबतीत आधी चॅनल तपासा, बहुधा तो अजून त्याच्या जिल्ह्याच्या फ्रीक्वेन्सीवर आहे आणि तुमच्या रिपीटरला उगाच नावं ठेवतो आहे.

धडा सातवा: बॅटरी

आत्तापर्यंतचं सगळं विसरलात तरी हा धडा विसरू नका. बिनतारी यंत्रणा क्वचितच इलेक्ट्रॉनिक्समुळे बंद पडते. ती बॅटरीमुळे बंद पडते.

समजा रिपीटर नुसता ऐकत असताना पाऊण अँपिअर घेतो आणि बोलताना आठ. पाव वेळ बोलणं चाललं तर सरासरी अडीच अँपिअर धरा. 100 अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर चाळीस तास चालेल. तीन उन्हाळे पत्र्याच्या खोलीत काढलेली तीच बॅटरी किती चालेल? निम्मी म्हणालात तर तुम्ही आशावादी आहात. डोंगरावरची लाइन वाऱ्यापावसात तुटली तर ती जोडायला वायरमनला दिवस लागू शकतो, आणि वायरमनला बोलवायचा निरोप बहुधा तुमच्याच रिपीटरवरून जाणार असतो. हायड्रोमीटर घेऊन प्रत्येक घरातलं आम्ल मोजा. भरलेल्या बॅटरीत आकडा 1.250 च्या आसपास हवा. एक घर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर सगळी बॅटरी गेली असं समजा, पाच घरं चांगली आहेत म्हणून स्वतःची समजूत घालू नका. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नको, 'स्वच्छ दिसतं' म्हणून तर मुळीच नको.

हातातल्या सेटची तऱ्हा वेगळी. कंपनी 'बॅटरी अकरा तास' असं सांगते ते 5 टक्के बोलणं, 5 टक्के ऐकणं आणि 90 टक्के शांतता धरून. नवरात्रात गडाच्या पायऱ्यांवर 90 टक्के शांतता? तिथला सेट पाच-सहा तासांत मान टाकतो. प्रत्येक पॉइंटला दुसरी बॅटरी हवी, चार्जिंगचा रॅक हवा आणि कोणती बॅटरी कोणाची हे लिहिणारा एक चिडका माणूस हवा. चिडकाच हवा. मनमिळाऊ माणसाकडच्या बॅटऱ्या परत येत नाहीत.

दत्तात्रेय स्नान काशीला करतात, भिक्षा कोल्हापुरात मागतात आणि झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ही गोष्ट कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगतं. त्याला सांगा की निद्रेची परवानगी एकालाच आहे.

धडा आठवा: हे आता लागतं कशाला?

तो नातेवाइकांचा प्रश्न. नवरात्रात किंवा दत्तजयंतीला गडाखाली उभे राहा आणि मोबाइल लावून पाहा. मोबाइलच्या एका मनोऱ्यावर एका वेळी ठरावीक लोकांचीच सोय होते, आणि तिथे लाखावर लोक 'मी चपलांच्या स्टँडपाशी आहे, तू कुठे?' हे एकाच वेळी विचारत असतात. तुमच्या चॅनलवर एक माणूस बोलतो आणि सगळे पॉइंट एकदम ऐकतात. 'वरच्या टप्प्यावर दाब वाढलाय, खालून पाच मिनिटं थांबवा' हे वाक्य पन्नास जणांना फोनवर सांगायला अर्धा तास लागेल, आणि अर्ध्या तासात चेंगराचेंगरी होऊन जाते. रेडिओवर चार सेकंद.

आणि मग ती रात्र आहे. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. मराठवाड्यातले पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात उशिरापर्यंत जागे होते. गावं नुकती झोपली होती. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. दगडमातीची घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. अशा पहाटे पहिला प्रश्न मदत किती पाठवायची हा नसतो, कुठे पाठवायची हा असतो, आणि त्याचं उत्तर ज्या गावाकडे आहे तिथल्या तारा तुटलेल्या असतात. त्या दिवसांत हौशी रेडिओ ऑपरेटरसुद्धा आपापले सेट आणि गाडीच्या बॅटऱ्या घेऊन त्या भागात पोहोचले होते आणि निरोप पोहोचवत होते. त्यांच्याकडे मोठं काही नव्हतं. एक तार बांधायची, बॅटरी जोडायची, मध्ये कोणाचाही मनोरा, कोणाचंही केंद्र लागत नाही. किल्लारीनंतरच्या तीस वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं. 112 डायल केलं की गाडी निघते, गाडीत पडदा असतो, सेट डिजिटल झाले. पण वीज गेली, फायबर तुटलं, मोबाइलचे मनोरे बॅटरी संपून गप्प झाले, की शेवटी उरतो तो डोंगरावरचा एक डबा, त्याची अँटेना आणि त्याची बॅटरी.

या कामाचा मोबदला काय, असं विचाराल. सगळं नीट चाललं तर तुमचं नाव कोणाला कळणार नाही. नवरात्र सुरळीत पार पडलं म्हणून बंदोबस्ताच्या प्रमुखांचा सत्कार होईल आणि तो योग्यच आहे. सेट बिघडला त्या दिवशी मात्र तुमचं नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर सर्वांच्या तोंडी असेल. त्यांनी तो मोबाइल लावूनच तुम्हाला सांगितलेलं असतं की वायरलेस बंद आहे, आणि आता याचा उपयोग तरी काय. वाद घालू नका. गाडी काढा, हायड्रोमीटर आणि जादा फ्यूज घ्या, डब्यात पोळ्या घ्या, गडावर तांबूल मिळतोच.

आणि नव्या बॅटरीचं मागणीपत्र आजच टाका. या नवरात्राला ती यायला हवी असेल तर मागच्या नवरात्रात टाकायला हवं होतं, पण पुढचं नवरात्रही येणारच आहे.